चांदीची किटली घडविणाऱ्या मारियानेबाई



स्मरणिकेसाठी काही तरी लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्याचे प्रमाण विचारा, दिवाळीच्या चिवड्याचे विचारा, ते न अडखळता सांगेन. पण चरित्र लिहिणे हे शिकल्यासवरल्या बायकांचे काम. तरीही धीर करून लिहावयास बसले आहे. कारण हे चरित्र एका चहाच्या किटलीचे आहे, आणि चहाच्या किटलीविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याइतका दुसऱ्या कोणाचा असणार?

माझी भाची चित्रकलेचे शिक्षण घेते. तिच्या पुस्तकात मी ही किटली प्रथम पाहिली. उंची अवघी सात-साडेसात सेंटिमीटर, म्हणजे आपल्या फुलपात्राएवढी. पोट म्हणजे चेंडू मधोमध कापावा तसा चांदीचा अर्धा गोल. खाली एकमेकींना छेद देणाऱ्या दोन पट्ट्यांची बैठक. दांडा काळ्याभोर शिसवीसारख्या एबनी लाकडाचा, अर्ध्या चकतीच्या आकाराचा. वर गोल चपटे झाकण, तेही मध्यावर नव्हे तर एका बाजूला सरकवून बसविलेले. नक्षी म्हणाल तर एक वेलबुट्टीसुद्धा नाही.

पहिल्याने मला वाटले, ही कसली चांदीची वस्तू! आपल्याकडे चांदीचे भांडे म्हटले की कमळ हवे, मोर हवा, निदान काठाला एक वेल तरी हवीच. पण पुन्हा पाहिले, आणि एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. लाकडाचा दांडा का? हात भाजू नये म्हणून. झाकण मध्यावर का नाही? ओतताना किटली कलली म्हणजे चहा झाकणाच्या फटीतून बाहेर ओघळतो, हा आपला रोजचा अनुभव. झाकण मागे सरकवले की ते होत नाही. आत काढता-घालता येणारे गाळणे आहे. आणि एवढीशीच का, तर त्या लोकांची चहाची रीत निराळी. ते या छोट्या किटलीत चहाचा दाट अर्क उतरवीत, आणि तो थोडा थोडा पेल्यात घेऊन वर गरम पाणी घालीत. ज्याला कडक हवा त्याने अर्क जास्त घ्यावा, ज्याला फिका हवा त्याने कमी. पाहुण्यागणिक वेगळा चहा उकळावयास नको.

जिने हे सारे योजले तिने कधी ना कधी स्वतः चहा ओतला असला पाहिजे, असे माझ्या मनात आले. आणि खरोखरच ती एक स्त्री होती. तिचे नाव मारियाने ब्रांट. तिचीच ही हकीकत.

मारियानेचा जन्म 1 ऑक्टोबर 1893 रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या केम्निट्स या गावी झाला. केम्निट्स म्हणजे गिरण्यांचे आणि कारखान्यांचे गाव. माहेरचे आडनाव लीबे. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ प्रेम असा होतो. वडील वकील होते, घर खाऊनपिऊन सुखी होते. मुलीचा ओढा चित्रे काढण्याकडे. 1911 साली ती कला शिकण्यासाठी वायमार शहरी गेली. तेथे तिने चित्रकला आणि मूर्तिकला यांचे रीतसर शिक्षण घेतले. पहिले महायुद्ध संपल्यावर 1919 साली एरिक ब्रांट या नॉर्वेच्या चित्रकाराशी तिचा विवाह झाला. काही दिवस नॉर्वेत, काही दिवस पॅरिसला काढून 1921 साली ती वायमारला परतली.

याच वायमार शहरात 1919 साली वाल्टर ग्रोपियुस नावाच्या वास्तुशिल्पकाराने एक नव्या धर्तीची शाळा काढली होती. तिचे नाव बाउहाउस. चित्रकार आणि कारागीर यांच्यामधली भिंत पाडावी, असा तिचा हेतू. चित्रकाराने हातात हातोडी धरावी, कारागिराने डोळ्याला वळण लावावे, आणि दोघांनी मिळून माणसाच्या रोजच्या वापरातील वस्तू सुंदर कराव्यात. खुर्ची, दिवा, गालिचा, किटली, सारे काही. युद्धाने देश पिळून निघालेला, महागाई तर विचारूच नका. अशा काळात जुन्या राजेशाही नक्षीचा सोस पुरे, वस्तू ज्या कामासाठी आहे ते काम तिने चोख करावे, त्यातच तिचे सौंदर्य आहे, हा विचार तेथे हळूहळू रुजला.

1923 साली या शाळेने मोठे प्रदर्शन भरविले. मारियानेबाईंनी ते पाहिले आणि त्यांचे मन पालटले. आजवर काढलेली आपली चित्रे त्यांनी जाळून टाकली. जानेवारी 1924 मध्ये त्या बाउहाउसमध्ये विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. त्या वेळी त्यांचे वय होते 30. शिकून झालेले, लग्न झालेले, आणि पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावयाचे! आपल्यापैकी ज्या भगिनी मुले मोठी झाल्यावर शिवणाच्या वर्गात नाव घालताना चार वेळा मागे वळून पाहतात, त्यांना यातील अवघड गोष्ट वेगळी सांगावयास नको.

आता बाउहाउसची एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे. शाळा निघाली तेव्हा तेथे स्त्री-पुरुष भेद नाही, असे जाहीर झाले होते. मुलीही मोठ्या संख्येने आल्या. जवळजवळ निम्म्या मुलीच. मग मात्र चालक धास्तावले. एवढ्या मुली दिसल्या तर लोक शाळेला गंभीरपणे घेणार नाहीत, अशी भीती त्यांना वाटू लागली. बोलण्यात समानता तशीच राहिली, पण वागणुकीत बहुतेक मुलींची रवानगी विणकामाच्या कार्यशाळेत होऊ लागली. विणकाम काही हलके नव्हे, तेथील बायकांनी पुढे मोठे नाव मिळविले. पण जिला लोखंड, लाकूड किंवा चांदी हाताळावयाची असेल तिने काय करावे?

मारियानेबाईंचे नशीब असे की, त्यांचे गुण एका मास्तरांच्या डोळ्यांत भरले. हे मास्तर हंगेरीहून आलेले लास्लो मोहोली-नॉज. धातूच्या कार्यशाळेची धुरा त्यांच्याकडे होती. त्यांनी बाईंना आपल्या कार्यशाळेत घेतले. हातकाम शिकविण्यासाठी तेथे क्रिस्टियान डेल नावाचे मुरलेले चांदीकाम करणारे कारागीर होते.

पण कार्यशाळेतील मुलांना हे रुचले नाही. धातूच्या कार्यशाळेत बाईमाणसाचे काय काम, असे त्यांचे मत. तोंडाने कोणी काही बोलले नाही. त्यांनी निराळी युक्ती केली. जे काम कंटाळवाणे, ज्यात शिकण्यासारखे फार नाही, ते बाईंकडे द्यावयाचे. जर्मन सिल्व्हरच्या पत्र्यातून लहान लहान अर्धगोल वाट्या ठोकून काढावयाच्या. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी.

येथे थोडे थांबून सांगते. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला आपण जर्मनचे पातेले म्हणतो, ते निराळे. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. दिसावयास चांदीसारखा, पण त्यात चांदीचा कणही नसतो. हल्ली हळदीकुंकवाला वाण म्हणून याच धातूच्या करंड्या आणि तबके आपण लुटतो. हा धातू ठोकताना ताठ होत जातो. मधून मधून तापवून तो मऊ करावा लागतो, नाही तर चिरतो. सपाट चकतीतून खोल, गुळगुळीत, कोठेही खळगा न पडलेली वाटी उठविणे म्हणजे काय, हे ज्यांनी तांबटांना काम करताना पाहिले आहे त्यांना कळेल. ठोक्यावर ठोका, आणि एक चुकला की मागची मेहनत फुकट.

बाईंना वाटले, येथली पद्धतच अशी असेल. कोणतेही काम शिकावयाचे म्हणजे आरंभ कठीणच. त्यांनी तक्रार केली नाही. त्या वाट्या ठोकीत राहिल्या. आपल्याला नकोशी म्हणून ते काम दिले होते, हे त्यांना पुढे त्या मुलांनीच कबूल केले. तोवर त्यांच्याशी बाईंची चांगली मैत्री झाली होती. आयुष्याच्या उत्तरार्धात बाईंनी ही आठवण लिहून ठेवली आहे. तीत कडवटपणा नाही, पण झाकपाकही नाही.

आणि योगायोग पाहा. त्याच वर्षी, म्हणजे 1924 साली, बाईंनी जी किटली घडविली तिचे पोट म्हणजे असाच एक अर्धगोल! ज्या आकाराने त्यांचे हात दुखावले होते, त्याच आकाराला त्यांनी चार वस्तू जोडल्या. खाली छेद देणारी बैठक, मागे अर्ध्या चकतीचा दांडा, पुढे सरळ नळी, वर एका बाजूला गोल झाकण. वर्तुळ, अर्धगोल, सरळ रेषा, एवढेच सामान. त्याच सुमारास त्यांनी चांदी आणि एबनी लाकूड वापरून चहा-कॉफीचा पूर्ण संचही केला. पितळी आणि निकेलच्या मुलाम्याच्या रक्षापात्रांना देखील त्यांनी हेच आकार दिले. शिकाऊ विद्यार्थिनीचे हे पहिल्या वर्षाचे काम, पण शंभर वर्षांनंतरही ते जुने दिसत नाही.

मात्र येथे एक पेच होता, आणि बाईंच्या पुढच्या आयुष्याचे वळण त्या पेचातून निघाले. किटली दिसावयास यंत्रावर केल्यासारखी होती, पण ती घडली हाताने. एकेक नग ठोकून काढावयाचा. काही चांदीचे, काही पितळेवर चांदीचा मुलामा दिलेले. सारे नग मिळून थोडेच झाले, आणि कोणताही नग दुसऱ्यासारखा तंतोतंत नाही. शाळेचा मंत्र तर असा की, चांगली वस्तू सर्वांच्या घरी जावी. चांदीची, हाताने घडविलेली किटली कामगाराच्या घरी कशी जाणार? ती श्रीमंताच्याच मेजावर बसणार.

वायमारच्या नव्या सरकारने पैसे आवळले, तेव्हा 1925 साली शाळा देसाउ शहरी हलली. तेथे 1926 साली तिची काचेच्या भिंतींची प्रसिद्ध इमारत उभी राहिली. तिच्यातील अनेक दिवे धातूच्या कार्यशाळेने केले आणि त्यांत बाईंचा मोठा वाटा होता. आता त्यांनी चांदी बाजूला ठेवली. ॲल्युमिनियम, पोलाद आणि दुधी काच हे त्यांचे सामान झाले. दिव्यांच्या कारखान्यांत जाऊन यंत्रे कशी चालतात, पत्रा कसा दाबतात, कोणता आकार स्वस्त पडतो, हे त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी पाहून घेतले. 1928 पासून कँडेम या छापाचे दिवे करणाऱ्या कारखान्याशी शाळेचा करार झाला. त्यातून जे दिवे निघाले त्यांत उशाशी ठेवावयाचा एक छोटा दिवा फार गाजला. त्याची घंटेसारखी टोपी हवी तशी वळविता येई, आणि बुडाशी दाबावयाची कळ होती. अंधारात चाचपडताना हात लागावा तेथेच ती कळ! असे दिवे हजारोंनी खपले. किटलीने जे साधले नाही ते दिव्याने साधले.

1928 साली मोहोली-नॉज शाळा सोडून गेले, तेव्हा धातूच्या कार्यशाळेची सूत्रे मारियानेबाईंच्या हाती आली. ज्या दारातून त्यांना कोणी आत येऊ देऊ नये अशी मुलांची इच्छा होती, त्या कार्यशाळेच्या त्या प्रमुख झाल्या! मध्ये फक्त चार वर्षे गेली होती. 1929 च्या फेब्रुवारीत शाळेत धातूचा उत्सव झाला. सगळ्यांनी धातूची आभूषणे करून घालावयाची. बाईंनी गळ्यात धातूचे गोळे घालून स्वतःचे छायाचित्र स्वतःच काढले. ते छायाचित्र आज प्रसिद्ध आहे. अर्धगोल ठोकणाऱ्या बाईंच्या गळ्यात आता पूर्ण गोल होते, असे मला गमतीने वाटले.

1929 साली पदविका घेऊन त्या शाळेतून बाहेर पडल्या. काही महिने बर्लिनला ग्रोपियुस यांच्या कचेरीत काम केले. मग गोथा शहरातील धातूच्या वस्तूंच्या कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली. तेथे नॅपकिन ठेवण्याचे स्टँड, पुस्तकांचे टेकू, दौती अशा साध्या वस्तूंना त्यांनी नवे रूप दिले. रंगीत पत्र्याच्या, स्वस्त, नीटस अशा या वस्तू. पण जगभर मंदीचे दिवस आले आणि 1932 च्या अखेरीस ती नोकरीही गेली.

येथून पुढची बाईंची कथा सांगताना माझा हात जड होतो. 1933 साली हिटलरची सत्ता आली. नाझींना बाउहाउस खपत नव्हतेच. त्याच वर्षी ते कायमचे बंद पडले. ग्रोपियुस, मोहोली-नॉज, आल्बर्स असे मोठे मोठे शिक्षक एकेक करून देश सोडून गेले, आणि पुढे अमेरिकेत त्यांना मोठमोठ्या जागा मिळाल्या. बाई केम्निट्सला माहेरच्या घरी परतल्या. 1935 साली घटस्फोट झाला. कायमची नोकरी मिळाली नाही. 40 ते 50 हे वय, जेव्हा हात पक्का झालेला असतो आणि डोके शांत झालेले असते, तेव्हा या बाईंच्या हाताला काम नव्हते. नाझी पक्षात त्या कधीच गेल्या नाहीत. रंग आणि सामान मिळावे एवढ्यासाठी 1939 साली त्यांनी सरकारी कलाकार संघात नाव घातले. घरच्या घरी चित्रे काढीत त्या दिवस कंठीत राहिल्या. मग दुसरे महायुद्ध, आणि 1945 च्या मार्चमध्ये केम्निट्सवर झालेला भयंकर बाँबवर्षाव.

युद्ध संपल्यावर त्यांचा भाग पूर्व जर्मनीत गेला. 1949 साली बाउहाउसच्या ओळखीच्या मार्ट स्टाम नावाच्या डच वास्तुशिल्पकाराने त्यांना ड्रेस्डेनच्या कला विद्यालयात शिकविण्यास बोलाविले. तेथून 1951 ते 1954 पर्यंत बर्लिनच्या औद्योगिक कलेच्या संस्थेत त्या होत्या. 1953-54 साली जर्मन उपयोजित कलेचे प्रदर्शन घेऊन त्या चीनला जाऊन आल्या. साठीच्या उंबरठ्यावरचा एवढा मोठा प्रवास! पण नव्या राज्यकर्त्यांनाही बाउहाउसचे साधे आकार रुचत नव्हते. एकाने ते परकीय ठरविले होते, दुसऱ्याने ते श्रीमंतांचे ठरविले. बाई पुन्हा आपल्या गावी परतल्या. गावाचे नावही तोवर बदलून कार्ल-मार्क्स-श्टाट झाले होते. उरलेली वर्षे चित्रे आणि मूर्ती करण्यात गेली. 18 जून 1983 रोजी सॅक्सनीतील किर्शबेर्ग येथे वयाच्या 89 व्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या मागे काय झाले ते ऐका. इटलीतील ॲलेसी या नामांकित कारखान्याने त्यांच्या काही वस्तू पुन्हा काढल्या. न्यूयॉर्क आणि लंडन येथील मोठ्या संग्रहालयांनी त्यांची किटली काचेच्या कपाटात ठेवली. 2007 च्या डिसेंबरात त्या छोट्या किटलीचा एक नग न्यूयॉर्कच्या लिलावात 3 लाख 61 हजार डॉलरांना विकला गेला. त्यांचे गाव 1990 साली पुन्हा केम्निट्स झाले, आणि 2001 पासून तेथे त्यांच्या नावाने जगभरच्या तरुण कलाकारांची स्पर्धा भरते.

लिलावाचा आकडा वाचून भाची म्हणाली, मावशी, बघ केवढी किंमत! मला मात्र वाईट वाटले. ज्या बाईंनी सर्वांच्या घरी चांगली वस्तू जावी म्हणून चांदी सोडून पत्रा धरला, त्यांची किटली आता कोणाच्याच घरी चहासाठी वापरली जात नाही. आणि ज्या वेळी हातात पैसा हवा होता, हाताला काम हवे होते, तेव्हा कोणी विचारले नाही.

मग या चरित्रातून आपण घ्यावयाचे काय? कष्ट केले की फळ मिळतेच, असे मी लिहिणार नाही. बाईंना त्यांच्या कष्टाच्या मानाने फार थोडे मिळाले, तेही उशिरा. पण दोन गोष्टी मला पटल्या. एक, वय 30 असो की 45, नव्याने शिकावयास बसण्यात लाज नाही. दुसरी, कमीपणा म्हणून दिलेले कामही मन लावून केले तर ते आपल्या हातात राहते, देणाऱ्याच्या हातात नाही. त्या मुलांनी वाट्या दिल्या होत्या त्या बाईंना घालविण्यासाठी, पण अर्धगोल कसा उठवावा हे बाई शिकल्या ते शिकल्याच. मात्र दुसऱ्या कोणाला असे काम देऊन गप्प बसविण्याचे पाप आपल्या हातून होऊ नये, हेही तितकेच खरे. आपल्या मंडळातही नवी आलेली सून-मुलगी असते. तिला नेहमी खुर्च्या मांडावयास आणि कप विसळावयास सांगावे, की एकदा हिशेबाची वही तिच्या हाती द्यावी, याचा विचार आपण मोठ्यांनी करावा.

हे लिहून झाल्यावर मी फळीवरची आमची जुनी किटली काढून पाहिली. ओतताना ती झाकणातून सांडतेच. इतकी वर्षे मी माझ्या हाताला दोष देत होते. आता कळले, दोष हाताचा नाही, झाकणाचा आहे. एवढे एक शहाणपण मारियानेबाईंनी मला दिले.